‘आधी कान तयार करा’

रागदारी ऐकणाऱ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी एक ध्वनिमुद्रण टाकतं आणि भीत भीत विचारतं, ‘हा भूप ना?’ राग असतो देशकार. लगेच उत्तर येतं, ‘आधी कान तयार करा, मग बोला.’ त्यावर चार अंगठे उमटतात. विचारणारा पुन्हा तोंड उघडत नाही.

या खाक्याचे समर्थक म्हणतात, गुरूंनी शिव्या घातल्या म्हणूनच गाणारे घडले. गोड बोलून सूर लागत नाही. या दाखल्यातली अर्धी गोष्ट ते सोयीस्करपणे गाळतात. झापणारा गुरू पुढच्या क्षणी तीच जागा स्वतः गाऊन दाखवायचा आणि ती शिष्याच्या गळ्यात उतरेपर्यंत समोर बसायचा. त्या रागावण्यामागे वर्षानुवर्षांची जबाबदारी होती. अनोळखी माणसाला एका ओळीत झटकणारा कसली जबाबदारी घेतो?

आणि मुळात भूप-देशकाराचा घोळ होण्यात लाजण्यासारखं काय आहे? दोन्हींत स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. भूप कल्याण थाटातला, रात्रीच्या पहिल्या प्रहरी गायचा, गंधाराला मान देणारा. देशकार बिलावल थाटातला, सकाळचा. त्याचा जीव धैवतात. स्वरांची यादी पाठ करून हा फरक कळत नाही, तो चलनात ऐकावा लागतो. मग उत्तर असं द्यावं: ‘आलाप पुन्हा ऐका. धैवतावर कसं ठाण मांडलंय आणि तिथून पंचमावर कसं येणं होतंय, ते पाहा. रिषभावर मुक्काम जवळजवळ नाहीच. म्हणून हा देशकार.’ यात चूक स्पष्ट दाखवली, पाणउतारा कुणाचाच झाला नाही आणि गप्प राहून वाचणाऱ्यांच्याही पदरात काही पडलं.

सभ्यपणा पाळायचा तर सगळ्यालाच ‘वाहवा’ म्हणावं लागेल, ही भीतीही निराधार आहे. सरसकट ‘वाहवा’ म्हणणाऱ्यानेही धड ऐकलेलं नसतं. नीट उत्तर द्यायचं तर ध्वनिमुद्रण पुन्हा लावावं लागतं, नेमकी जागा शोधावी लागते. कष्ट यातच जास्त आहेत.

आपल्या भाषेत याचा भक्कम आधार आहे. पं. भातखंडे यांची ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ 1910 पासून मराठीत खंडाखंडाने निघाली, ती गुरु-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात. त्या काळच्या गवयांवर भातखंड्यांनी त्यात तिखट लिहिलं आहे, हे खरं. पण शंका विचारणाऱ्या शिष्याला त्यांनी हाकललं नाही. एकेका रागाबद्दलची वेगवेगळी मतं ते त्याच्यापुढे मांडत जातात. शंकांना जागा दिल्यावाचून तो ग्रंथ उभाच राहिला नसता.

घराण्यांवरून होणाऱ्या हमरीतुमरीबद्दल फार लिहीत नाही. तिथे बहुतेकदा गाणं बाजूलाच राहतं. एक पथ्य मात्र आग्रहाने सांगेन. शुद्धकल्याणच्या अवरोहात कुणी निषाद स्पष्ट घेतं, कुणी तो मींडेत झाकतं. अशा ठिकाणी ‘हे चूक’ असा शेरा मारण्याआधी ‘आमच्याकडे असं गातात’ एवढं लिहावं आणि ते कुणाकडून ऐकलं, त्या गायकाचं नाव सोबत द्यावं. समोरचा मग ते गाणं शोधून ऐकू शकतो, आणि पटलं नाही तर का पटलं नाही हेही सांगू शकतो.