चावी फिरवली की टेप का गप्प बसतो?

मंडळी, आधीच कबूल करते. मी कॉन्व्हेंटमधली. पाढेसुद्धा इंग्रजीत पाठ केलेत. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर संपादकांना पकडा, मला नको! पण विषय मात्र घरचा आहे. गाडीचा टेप. (आता त्यात कॅसेट जात नाही, टचस्क्रीन आलीय, पण आमचे बाबा अजून टेपच म्हणतात.)

गाडीत बसलात, चावी अर्धी फिरवली, गाणं सुरू. सेल्फ मारला की गाणं गप्प! मग पुन्हा स्क्रीनवर लोगो, गोल फिरणारं चक्र, ब्लूटूथची जोडणी... तोवर गाडी कोपऱ्यावर पोचलेली असते. बाबांची टुरिस्ट गाडी आहे, साताऱ्यात. प्रवाशांसमोर रोज हाच प्रकार. "इंजिनिअरिंगला आहेस ना, एवढं बघ की," असं ते गेल्या वर्षी सुट्टीत म्हणाले आणि मी सेकंड इयरच्या तोऱ्यात कामाला लागले.

टेपच्या मागे मुख्य वायरी दोन. पिवळी थेट बॅटरीवरून येते, कायम चालू. लाल चावीवरून येते. सेल्फ मारताना चावीच लालचा सप्लाय तोडते, म्हणून टेप बंद. मग काय, सोप्पं! लाल काढली, पिवळीला पिळून जोडली, वर चिकटपट्टी. दहा मिनिटांत काम फत्ते. बाबांनी सगळ्या गल्लीला सांगितलं.

नवव्या दिवशी पहाटे साडेतीनला पुणे विमानतळाचं भाडं होतं. चावी फिरवली. नुसतं टक-टक-टक. माझ्या जोडणीमुळे चावी काढली तरी टेप बंद होत नव्हता, बटण दाबून बंद करावा लागायचा. आदल्या रात्री बाबा विसरले. आवाज शून्यावर होता, कुणाला कळणार? 1 अँपिअर धरा, 9 तास, म्हणजे 9 अँपिअर-तास गेले. नवी बॅटरी असती तर निभावलंही असतं, आमची चार वर्षांची होती. मी, आई आणि बाबा चढावरच्या गल्लीत अंधारात गाडी ढकलतोय... भाडं गेलं. ती पार्टी नेहमीची होती, तीही गेली. बाबा मला एक शब्द बोलले नाहीत. त्यापेक्षा बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. सेल्फ मारताना टेप बंद होतो तो दोष नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा सेल्फ 1912 साली कॅडिलॅक गाडीत आला. त्याआधी हँडल मारून इंजिन फिरवावं लागायचं, त्यात हात मोडायचे. हे काम आता बॅटरी करते, पण फुकट नाही. छोट्या गाडीचा सेल्फसुद्धा 100 ते 200 अँपिअर ओढतो. बॅटरीचा अंतर्गत रोध 0.015 ओहम आणि करंट 150 अँपिअर धरा. 2.25 व्होल्ट आतल्या आतच पडले! 12.6 मधले जेमतेम 10.3 उरले. अशा वेळी पंक्तीत आधी कोणाला वाढायचं, हे गाडी बनवणाऱ्यानं ठरवलेलं असतं.

हे गणित आपण फर्स्ट इयरला केलंय हो! पाच मार्कांना. पण त्या रोधाचा दारातल्या गाडीशी संबंध आहे हे मला कुणी सांगितलं नाही. आणि खरं सांगायचं तर मीही विचारलं नाही.

मग टेप चालू ठेवायचाच नाही? ठेवा की! बहुतेक टेपमध्ये लाल वायर ही नुसती 'उठ' अशी खूण असते, खरा करंट पिवळीतून येतो. तेव्हा लालला फक्त दोन सेकंद जिवंत ठेवायचं. चावीकडून येणाऱ्या लालमध्ये एक डायोड (साठवलेला करंट उलटा चावीकडे पळू नये म्हणून), त्याच्यापुढे 10 ओहमचा रोध, आणि तिथून ग्राउंडला 4700 मायक्रोफॅरडचा, 25 व्होल्टचा कपॅसिटर. लाल वायर 10 मिलिअँपिअर ओढत असेल तर दोन सेकंदांत सव्वाचार व्होल्ट उतरतील, बहुतेक टेपना चालतं. किती ओढते ते आधी मीटर लावून मोजा, माझ्यासारखं नको. चावी काढली की टेप थोड्या वेळात आपोआप बंद, म्हणजे पहाटेची ढकलाढकल नाही. एवढं करूनही टेप बंद पडत असेल, तर पिवळीवरचा व्होल्टेजच फार पडतोय. मग टेपचा नाद सोडा, बॅटरी आणि तिचे टर्मिनल तपासा.

सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या कित्येक गाड्यांत व्होल्टेज सांभाळायला वेगळा कन्व्हर्टरच असतो. तो विषय पुन्हा कधीतरी.

सरांना एक विनंती. कॉलेजची बस रोज सकाळी हॉस्टेलसमोर सेल्फ मारते. एक दिवस तिच्या बॅटरीला व्होल्टमीटर लावू द्या ना. काटा खाली जाताना बघितला की जर्नल उतरवून काढायची गरज पडणार नाही. ड्रायव्हरकाका तयार आहेत, मी विचारलंय.

दिवाळीत मी बाबांच्या गाडीला तो कपॅसिटर बसवला. परवानगी मिळाली, पण अटीवर. ते शेजारी उभे राहणार आणि मी एकेक वायर कशाला ते सांगणार. पिवळीपाशी आले तेव्हा त्यांनी घसा खाकरला.