चुंबकाची खेळणी आणि कागदावरचा कायदा

जळगावचा रथोत्सव असो की धुळ्याची एकवीरा देवीची यात्रा, खेळण्यांच्या दुकानांभोवती मुलांची झुंबड उडते ती पूर्वीसारखीच. बदलली आहेत ती खेळणी. पत्र्याच्या मोटारीची आणि लाकडी भोवऱ्याची जागा प्लास्टिकने घेतली त्याला बराच काळ लोटला. आता त्या प्लास्टिकच्या पोटात चुंबक येऊन बसला आहे. एकमेकांना चिकटणारे ठोकळे, गळाने मासे पकडण्याचा खेळ, पाटीवर चिकटणारी अक्षरे ही खेळणी मुळात वाईट नव्हेत. त्यांतला चुंबक निखळून मुलाच्या तोंडात गेला, तर मात्र प्रसंग गंभीर होतो.

शाळेच्या प्रयोगशाळेतील नालाकृती चुंबक आणि आजच्या खेळण्यांतला वाटाण्याएवढा चुंबक यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. निओडिमियम, लोह व बोरॉन यांपासून बनणारे चुंबक १९८० च्या दशकात विकसित झाले. आकाराच्या मानाने त्यांची ओढ विलक्षण असते. एखादाच चुंबक पोटात गेला तर तो पुष्कळदा शौचावाटे निघून जातो. परंतु एकामागून एक दोन गेले, तर आतड्याच्या दोन वेगवेगळ्या वेढ्यांतून ते एकमेकांना ओढतात. मधल्या भित्ती चिमटल्या जातात, तेथील रक्तपुरवठा तुटतो आणि आतड्याला भोक पडते. आरंभीची लक्षणे मात्र साधी पोटदुखी व उलटी एवढीच. घरची माणसे अपचन समजून ओवा देतात. धुळे व जळगाव येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत हे खरे; पण शिरपूर किंवा यावलकडील सातपुड्याच्या पाड्यावरून तेथवर पोहोचेपर्यंत जो वेळ जातो, तोच येथे निर्णायक ठरतो.

कायदा नाही असे मुळीच नाही. केंद्र सरकारने २०२० मध्ये खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आणि १ जानेवारी २०२१ पासून तो अमलात आला. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे त्यामुळे बंधनकारक झाले. आयएस ९८७३ या मानकात चुंबकाचाही विचार केलेला आहे. सुटा होणारा चुंबक गिळता येण्याइतका लहान असेल, तर त्याची ओढ ठरावीक मर्यादेच्या आतच असली पाहिजे, हे त्यातील मुख्य सूत्र. पहिल्याच उल्लंघनाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाख रुपये दंड अशी तरतूद भारतीय मानक ब्युरोच्या २०१६ च्या अधिनियमात करण्यात आली.

तरीही आठवडी बाजारात चिन्हाविना खेळणी दिसतात. ती का दिसतात, याचे उत्तर अर्थशास्त्रात सापडते. विक्रेत्याला मालाचे गुणदोष ठाऊक आणि ग्राहकाला नाहीत अशा बाजारात वाईट माल चांगल्या मालाला हुसकावून लावतो, हे जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले. खेळण्यांची गोष्ट याहून बिकट आहे. येथे पैसे देणारा एक आणि धोका सोसणारा दुसरा, तोही अजाण. चुंबकाची ओढ किती, हे हातात घेऊन कोणत्या बापाला कळणार? ‘ग्राहकाने पाहून घ्यावे’ हा उपदेश म्हणूनच येथे पोकळ ठरतो.

नियमाने खरोखर फरक पडतो काय, असे विचारणाऱ्यांनी अमेरिकेचा अनुभव पाहावा. तेथे २०१२ पासून चुंबकी गोळ्यांच्या संचांवर कारवाई झाली आणि २०१४ मध्ये नियम झाला, तेव्हा अपघात घटले. २०१६ मध्ये न्यायालयाने तो नियम रद्द करताच ते पुन्हा वाढले. अखेर २०२२ मध्ये नवा नियम करावा लागला. त्यात विरंगुळ्याची किंवा मनावरचा ताण घालविण्याची वस्तू म्हणून विकले जाणारे चुंबकही आणले गेले. आपल्या आदेशाची व्याप्ती मुलांच्या खेळण्यांपुरती आहे. ‘मोठ्यांसाठी’ असे छापून तेच चुंबक विकण्याची पळवाट त्यामुळे उघडी राहते. ती बुजविली पाहिजे.

अंमलबजावणीचा बडगा कोणावर पडावा, हाही प्रश्न महत्त्वाचा. यात्रेत चादर पसरून बसलेल्या फेरीवाल्याचा माल जप्त करणे सोपे असते आणि त्याची बातमीही होते. परंतु दिवसाकाठी चार पैसे मिळविणाऱ्या त्या माणसाने चुंबक घडविलेला नाही, आयातही केलेला नाही. तपासणी व्हावयास हवी ती घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामात, जेथून हा माल तालुक्या-तालुक्यांत जातो. मानक ब्युरोने यात्रांच्या हंगामापूर्वी जळगाव व धुळे येथील घाऊक पेठांतून नमुने घ्यावेत आणि निष्कर्ष मराठीतून प्रसिद्ध करावेत. छोट्या उत्पादकाला चाचणीचा खर्च जड जातो, ही तक्रारही खोटी नाही. पण तिच्यावरचा उपाय शुल्कात सवलत हा आहे. मुलाच्या सुरक्षिततेत सवलत हा नव्हे.

ग्राहकाने स्वस्थ बसावे असा याचा अर्थ नाही. आयएसआय चिन्ह व त्यासोबतचा परवाना क्रमांक पाहणे, शंका आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर तक्रार नोंदविणे, एवढे सुशिक्षित नोकरदाराला अवघड नाही. शिक्षकांनी पालकसभेत एक गोष्ट आवर्जून सांगावी: मुलाने चुंबक गिळल्याची नुसती शंका आली, तरी वाट न पाहता क्ष-किरण तपासणीची सोय असलेले रुग्णालय गाठावे आणि ‘चुंबक’ हा शब्द डॉक्टरांना स्पष्ट सांगावा.

खेळणे निवडणारे मूल मानक वाचू शकत नाही. ते त्याच्या वतीने वाचले जावे, एवढ्याचसाठी कायदा झाला आहे. तो राजपत्रातून यात्रेच्या मैदानापर्यंत पोहोचविणे हे शासनाचे काम होय.