यंत्र स्वस्त, घोट महाग

घरात कॅप्सूलवर चालणारे कॉफीचे यंत्र घ्यावे की नाही, हा प्रश्न दहा वर्षांपूर्वी वर्ध्यात कुणी विचारला असता तर लोक हसले असते. आज रामनगरपासून सावंगीपर्यंत काही घरांत त्यावर गंभीर चर्चा होते. कारणे उघड आहेत. पुण्या-बंगळुरूत नोकरी करणारी मुले ऑफिसात या कॉफीला सरावतात आणि आई-बाबांच्या ओट्यावरही तेच यंत्र असावे, असे त्यांना वाटते. काहीजण गावी राहून घरूनच काम करतात. ऑनलाइन खरेदीमुळे नागपूरचीही वारी उरलेली नाही. त्यातच या धंद्यातले सर्वांत मोठे नाव असलेली नेस्प्रेसो २०२४-२५ मध्ये अधिकृतपणे भारतात उतरली, आणि तिच्या यंत्रात बसतील अशा कॅप्सूल काही भारतीय कंपन्या त्याआधीपासूनच विकत होत्या. तेव्हा ‘हे आपल्यासारख्यांचे काम नाही’ म्हणून विषय झटकता येत नाही. ‘शेजाऱ्यांनी घेतले म्हणून आपणही’ हेही काही उत्तर नव्हे.

आधी यंत्र काय करते ते पाहू. अॅल्युमिनियमच्या किंवा प्लास्टिकच्या बोटभर टोपणात पाच-सहा ग्रॅम दळलेली कॉफी बंद केलेली असते. हवा लागून वास उडू नये म्हणून आत नायट्रोजन भरतात. यंत्र त्या टोपणाला भोके पाडते, पंपाच्या दाबाने गरम पाणी त्यातून ढकलते, आणि अर्ध्या मिनिटात फेसाळ, कडक, चार घोटांची काळी कॉफी कपात उतरते. नेस्लेच्या एरिक फाव्र या अभियंत्याची ही कल्पना. तिचे पेटंट १९७६ चे, तर नेस्प्रेसो ही कंपनी १९८६ ची. धंद्याची रीत मात्र आपल्या ओळखीची आहे: प्रिंटर स्वस्तात द्यायचा आणि पैसा शाईवर कमवायचा. मूळ पेटंटांची मुदत २०१२ च्या सुमारास संपली आणि इतरांनाही कॅप्सूल बनवता येऊ लागल्या. त्यानंतर २०१४ मध्ये कॅप्सूलच्या कडेवरचा बारकोड वाचणारी नवी यंत्रे आली. त्यांत दुसऱ्याची कॅप्सूल सहजी चालत नाही.

यंत्राची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे पोकळ नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा सावंगीला रात्रपाळी करून आलेल्या डॉक्टरला पहाटे एक कप हवा असतो. त्यासाठी पातेले, गाळणी, चोथा आणि पुसायचा ओटा नको असतो. एकट्या राहणाऱ्या, हात थरथरणाऱ्या आजोबांच्या बाबतीत तर हा प्रश्न सुरक्षिततेचा होतो. गॅस चालू राहणे, दूध उतू जाऊन ज्योत विझणे या गोष्टी विनोदाच्या नाहीत. एक कळ दाबली की काम होते आणि यंत्र आपले आपण बंद होते, ही सोय मोलाची आहे. दुसरा मुद्दा ताजेपणाचा. ज्या घरात आठवड्यातून दोन-तीनदाच कॉफी होते, तिथे डबा उघडला की महिनाभरात वास जातो आणि आषाढ-श्रावणात पावडरीचा खडा होतो. सीलबंद कॅप्सूल मात्र महिनोन्महिने तशीच राहते.

तिसरा मुद्दा पर्यावरणाचा, आणि तो अनेकांना उलटा वाटेल. २०२३ मध्ये कॅनडातल्या क्युबेकच्या संशोधकांनी २८० मिलिलिटर कॉफीचा सगळा हिशेब मांडला. मळ्यापासून कचऱ्यापर्यंतचे टप्पे धरले, तर तिकडच्या साध्या गाळणीच्या कॉफीपेक्षा कॅप्सूलची कॉफी कमी भार टाकते, असा त्यांचा निष्कर्ष होता. कारण सोपे आहे. कॉफीचा मोठा भार मळ्यात आणि पाणी तापवण्यात असतो. कॅप्सूलमध्ये कॉफी आणि पाणी दोन्ही मोजून वापरले जाते. २८० मिलिलिटरमागे ११ ते १३ ग्रॅम कॉफी वाचते. हाताने करणारा माणूस चमचाभर जास्त टाकतो आणि उरलेली अर्धी किटली ओतून देतो. तेव्हा कॅप्सूल म्हणजे निव्वळ पाप, असे सरसकट म्हणता येत नाही. पण याच हिशेबात सर्वांत कमी भार निघाला तो इन्स्टंट कॉफीचा, म्हणजे वर्ध्यातल्या बहुतेक घरांत आज जी होते तिचा. शिवाय सोय वाढली की कपही वाढतात आणि वाचलेली कॉफी तिथेच खर्ची पडते, हा इशाराही त्या संशोधकांनी दिला होता.

आता पैशांचे पारडे. हिशेबाला सोपे जावे म्हणून गोल आकडे धरू. यंत्र पंधरा हजारांचे, कॅप्सूल पन्नास रुपयांची, आणि फिल्टर कॉफीची चांगली पावडर किलोला हजार रुपये. पावडरीचा कप दहा ग्रॅमचा धरला तर दहा रुपये. दूध-साखर दोन्हीकडे सारखीच, म्हणून ती सोडून देऊ. नवरा-बायको रोज एकेक कप पितात, म्हणजे वर्षाला ७३० कप. कॅप्सूलने खर्च ३६,५०० रुपये, पावडरीने ७,३००. फरक २९,२०० रुपयांचा. म्हणजे यंत्राचे पंधरा हजार हा खरा खर्चच नव्हे. दर सहा महिन्यांना जवळपास तेवढीच रक्कम पुन्हा मोजावी लागते. कॅप्सूलमधल्या कॉफीचा किलोचा भाव काढला तर तो नऊ हजारांच्या घरात जातो. तुमच्या गावात मिळणारे भाव घालून हेच गणित पुन्हा करून पाहा. आकडे थोडे इकडे-तिकडे होतील, कल बदलणार नाही.

इथे विक्रेत्याचे एक ठरलेले वाक्य असते: कॅफेत दोनशे रुपये देता, घरी पन्नासात होईल. मुंबई-पुण्यात रोज कॅफेत जाणाऱ्याला हे लागू पडते. त्याचे यंत्र शंभर कपांत वसूल होईल. वर्ध्यात मात्र कॅप्सूलची कॉफी कॅफेच्या कपाची जागा घेणार नसते. ती घेणार असते घरच्या पातेल्यातल्या चहाची नाही तर कोपऱ्यावरच्या टपरीवरच्या कटिंगची. जो खर्च आपण करतच नव्हतो तो वाचला, असे म्हणणे ही फसवी बचत आहे.

चवीचाही विचार करायला हवा. आपल्या घरांतली कॉफी म्हणजे दुधाची कॉफी. पातेल्यात दूध तापते आहे, कडेने साय धरू लागली आहे, साखर विरघळली की चमचाभर पावडर पडते, आणि उतरवताना किसणीवर जायफळ दोनदा फिरते. रात्री जागणाऱ्या विद्यार्थ्याला, उपवासाच्या दिवशी पाहुण्याला हीच कॉफी देतात. यंत्र देते काळा, कडू अर्क. तो दुधात मिसळायचा तर दूध तापवायला पातेले चढतेच, किंवा फेस काढणारे वेगळे उपकरण घ्यावे लागते, मग तेही धुवावे लागते. म्हणजे ज्या सोयीसाठी यंत्र आणले ती निम्मी तिथेच संपते. काळी कॉफी पिणाऱ्याला ही अडचण नाही. पण शहरात गोरस भंडारचे गाईचे दूध आणि आर्वी-कारंजा पट्ट्यात गवळाऊ गाईची परंपरा असलेल्या या जिल्ह्यात बिनदुधाची कॉफी पिणारे किती निघतील, याचा अंदाज प्रत्येकाने आपल्या घरापुरता बांधावा.

यानंतर रोजच्या व्यवहारातल्या अडचणी येतात. बोअरच्या जड पाण्याने गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. तोच थर यंत्राच्या बारीक नळ्यांत बसतो. गाळलेले पाणी वापरावे लागते, वेळोवेळी क्षार काढावे लागतात. उन्हाळ्यात वीज वर-खाली झाली तर मिक्सरवाला मोटार गुंडाळून देतो, पण या यंत्राचा बिघडलेला सर्किट बोर्ड त्याच्या हातचा नाही. यंत्र खोक्यात भरून मोठ्या शहरात पाठवावे लागते. आणि कुरियर आठवडाभर अडकले तर कॅप्सूलअभावी यंत्र नुसते जागा अडवून बसते.

रिकाम्या टोपणांचे काय? एक कापून पाहिले म्हणजे कळते. नखाने झाकण निघत नाही, सुरी लागते; आत ओला, घट्ट दाबलेला चोथा; तो खरवडून तुळशीच्या कुंडीत घालता येतो. हातात उरते ते ग्रॅमभर अॅल्युमिनियम. हजार टोपणे साठली तेव्हा कुठे किलोभर होते. भंगारवाला अॅल्युमिनियम आनंदाने घेतो, पण चोथ्यासकट नाही. म्हणजे रोज कापणे, खरवडणे, धुणे आणि साठवणे आले. हे न करता टोपण घंटागाडीत टाकले तर ते ना ओल्या कचऱ्यात बसते ना सुक्या. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराने २०१६ मध्ये सरकारी इमारतींसाठी अशा कॉफीच्या खरेदीवर बंदी घातली ती या कचऱ्यामुळेच. अमेरिकेत केयुरिग कंपनीसाठी प्लास्टिकची कॅप्सूल शोधून काढणारे जॉन सिल्व्हन यांनीही, हे आपण केले नसते तर बरे झाले असते असे कधीकधी वाटते, अशी कबुली २०१५ मध्ये दिली होती.

वर्ध्यात यंत्राचा विषय निघाला की गांधीजींचे नाव निघतेच. कॉफीपुरती त्यांची साक्ष काढण्यात अर्थ नाही. टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनी भाजलेल्या गव्हाची ‘कॉफी’ चालू केली होती आणि १९४२ मध्ये आरोग्यावर लिहिताना चहा, कॉफी, कोको तिन्हींची शरीराला गरज नाही असे सांगितले होते. त्यांच्या मताने जायचे तर फिल्टरही बाद! यंत्रांबद्दलचे त्यांचे म्हणणे मात्र समजतो तितके एकेरी नव्हते. १९२४ मध्ये रामचंद्रन या विद्यार्थ्याशी बोलताना त्यांनी शिवणयंत्राला अपवाद केले होते, कारण त्यामागे बायकोचे कष्ट हलके करण्याची माया होती. विरोध यंत्राला नव्हता, यंत्राच्या वेडाला होता.

पुढे १९२९ मध्ये चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटी आजही ग्राहकाने पाठ कराव्यात अशा आहेत: किंमत दीडशे रुपयांच्या आत; खेड्यातल्या बाईला आठ तास फार न थकता चालवता यावा; वेळच्या वेळी देखभाल केली तर वीस वर्षे न थांबता चालावा; आणि देखभालीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. किर्लोस्करवाडीत गणेश भास्कर काळे यांनी तयार केलेले यंत्रही या शर्यतीत होते. बक्षीस कुणालाच मिळाले नाही. पण यंत्राला काय विचारायचे, हे त्या अटींनी शिकवून ठेवले.

तेच प्रश्न कॉफीच्या यंत्राला विचारू. चालवायला सोपे आहे का? आहे, आणि या कसोटीत ते पहिल्या नंबराने पास होते. किंमत परवडते का? मध्यमवर्गीय घराला एकदा परवडते. वीस वर्षे टिकेल का? हमी एक-दोन वर्षांची मिळते, त्यावरून काय ते समजावे. दुरुस्ती गावात होईल का? बहुधा नाही. चालवण्याचा वर्षाचा खर्च किमतीच्या किती टक्के? वरच्या हिशेबाने दोनशे टक्क्यांहून जास्त. पाच टक्के आणि दोनशे टक्के यांतले अंतर हेच या प्रश्नाचे खरे उत्तर आहे. हे यंत्र म्हणजे एकदा घ्यायची वस्तू नाही, दर महिन्याला भरायचा हप्ता आहे. तो भरण्याजोगे कारण घरात असेल तरच यंत्र घ्यावे.

असे कारण असलेली घरे आहेत. हात थरथरणारी किंवा दृष्टी अधू झालेली व्यक्ती एकटी राहत असेल. अवेळी, एकच कप, तोही काळा पिणारा कुणी रात्रपाळीचा माणूस असेल. किंवा आठवड्याला तीन-चार कपांपलीकडे खप नसेल आणि पावडर वाया जात असेल. या तीन घरांनी यंत्र घ्यायला आमची हरकत नाही. मात्र घेताना अनेक कंपन्यांच्या कॅप्सूल चालतील असेच घ्यावे, बारकोडच्या बेडीत अडकू नये. टोपणे अॅल्युमिनियमचीच घ्यावीत आणि ती कापून भंगारात देण्याचे काम कुणाचे, हे आधीच ठरवावे.

बाकीच्या घरांना मात्र आमचा सल्ला नकाराचा आहे. चांगल्या कॉफीची हौस असेल तर तिच्यासाठी मधला मार्ग मोकळा आहे. स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर काही शेकड्यांत मिळतो, त्याला वीज लागत नाही आणि त्यात बिघडण्यासारखे काही नसते. दाबाची कॉफी हवी तर गॅसवर चालणारा मोका पॉट आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला कॉफी पिकते, हे आपल्यातल्याच अनेकांना ठाऊक नसते. पुढच्या खेपेला तिथली पावडर आणून पाहावी. आणि मुलांनी यंत्र भेट द्यायचेच ठरवले असेल तर आई-बाबांनी त्यांच्याकडून एका वर्षाच्या कॅप्सूलही आधी मागून घ्याव्यात. त्या बिलाचा आकडा पाहून मुले काय म्हणतात, त्यावरून पुढचा निर्णय दोघांनाही सोपा जाईल.