मालवणची पेठ कोणासाठी?

११ जुलै २०२५ रोजी 'युनेस्को'ने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि त्यांत सिंधुदुर्गाचे नाव आले. शिवछत्रपतींनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर ज्याच्या बांधकामास हात घातला, त्या जलदुर्गाचा हा गौरव प्रत्येक मराठी माणसास सुखावणारा आहे. परंतु किल्ल्याकडे जाणारी होडी ज्या बंदरातून सुटते त्या मालवण शहराचे, आणि बंदराकडे नेणाऱ्या चिंचोळ्या बाजारपेठेचे यापुढे काय होणार, हा प्रश्न गौरवसोहळ्यांच्या गजरात बुडून जाता कामा नये. जागतिक मान्यतेपाठोपाठ पैसा येतो, पैशापाठोपाठ आराखडे येतात आणि आराखड्यांपाठोपाठ जमिनीचे भाव चढतात. हा आराखडा कोणी करावयाचा आणि चढलेल्या भावाचे धन कोणाच्या पदरात पडावयाचे, हा अर्थकारणाचा आणि म्हणूनच राजकारणाचा प्रश्न आहे.

पेठेला उतरती कळा का लागली, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. निदान चुकले तर औषधच रोग्याच्या जिवावर उठते. कोकणपट्टीचा राजमार्ग शतकानुशतके समुद्र हाच होता. मालवण, वेंगुर्ले, देवगड, विजयदुर्ग या बंदरांच्या पेठा आधी गलबतांवर आणि मग आगबोटींवर पोसल्या गेल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रवासी बोटी बंद पडल्या आणि वाहतुकीने समुद्राकडे पाठ फिरविली. महामार्ग कणकवली-कुडाळवरून गेला. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा निर्माण झाला, त्याचे मुख्यालय ओरोसला उभे राहिले. १९९८ मध्ये पूर्ण झालेली कोकण रेल्वेही आतल्या अंगानेच धावू लागली. ज्या रेल्वेसाठी बॅ. नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते झटले ती कोकणाला हवीच होती, याविषयी दुमत नाही. परंतु किनाऱ्यावरचा व्यापार आत ओढून नेण्यास तिनेही हातभार लावला, हे मान्य केले पाहिजे. एकेकाळी जे वाटेवरचे शहर होते ते रस्त्याच्या टोकाचे शहर झाले.

माणसांचेही तेच झाले. मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या चाकरमान्याच्या मनीऑर्डरीवर येथील पेठेची उधारी फिटत असे. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांची धुराडी एकामागून एक थंडावली आणि तो ओघ आटला. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती; २०११ मध्ये ती ८,४९,६५१ भरली. राज्याची लोकसंख्या वाढत असता हा जिल्हा घटत होता. मालवण शहर याच काळात साडेअठरा हजारांच्या आसपास थबकून राहिले. ज्या पेठेचे गिऱ्हाईकच घरदार बंद करून निघून जाते, तिच्या फळ्यांना नवा रंग दिल्याने ती उठून बसत नाही.

यावर कोणी म्हणेल की, हे सारे कालचे झाले. १९८७ मध्ये मालवणचे सागरी अभयारण्य घोषित झाले, १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा ठरला, तारकर्ली-देवबागची कीर्ती पसरली. आज मे महिन्यात अथवा दिवाळीच्या सुटीत पेठेत पाऊल ठेवावयास जागा नसते, तेव्हा पुनरुज्जीवनाची भाषा कशाला? परंतु गर्दी म्हणजे भरभराट नव्हे. सुटीतल्या पर्यटकांची वाहने पेठेतून बंदराकडे वाट काढतात आणि त्याच वाटेने परततात. त्यांच्या रेट्यात सायकलवरचा शाळकरी मुलगा आणि टोपली घेऊन आलेली मासळीवाली बाजूला फेकली जाते. पुढे पावसाळा लागला की किल्ल्याची होडी-वाहतूक बंद होते आणि गर्दी ओसरते. त्या महिन्यांत दुकानाचा दिवा तेवत ठेवतो तो आसपासच्या गावांतला शेतकरी, मच्छीमार, शिक्षक. पर्यटकापायी या गिऱ्हाईकाला पेठ नकोशी झाली, तर चार सुट्यांच्या मिळकतीवर वर्षाचे बारा महिने निघणार नाहीत.

पेठ म्हणजे केवळ दुकानांची ओळ नव्हे. कोकणातील जुन्या पेठांची बांधणीच पाहा: जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौले, खाली दुकान, माडीवर बिऱ्हाड आणि पुढे उन्हापावसात वाटसरूला आसरा देणारी पडवी. व्यवसाय आणि वस्ती यांची येथे फारकत नाही. म्हणूनच रात्रीही अशा पेठेत जाग असते. या पेठेत कोकम, काजू, खाजे, सुकी मासळी आणि मालवणी मसाला विकला जातो, त्या मालामागे तालुक्यातील असंख्य घरांतील श्रम असतात. पर्यटकाने अशा दुकानात दिलेला रुपया कोकम फोडणाऱ्या बाईच्या हाती जातो, तिच्याकडून किराणावाल्याकडे, तेथून शिंप्याकडे. तोच रुपया बाहेरच्या मालकाच्या हॉटेलात किंवा बाहेरून आणलेल्या भेटवस्तूंच्या दुकानात पडला, तर बहुतांशी त्याच संध्याकाळी जिल्ह्याबाहेर निघून जातो. किती पर्यटक आले याची मोजदाद करणाऱ्या शासनाने किती रुपये येथे थांबले हेही मोजावे.

विकास म्हणजे दाखविण्याजोगी वस्तू उभारणे, अशी आपल्याकडे समजूत रूढ झाली आहे. तिची किंमत मालवणने अनुभवली आहे. नौदल दिनाच्या निमित्ताने ४ डिसेंबर २०२३ रोजी शहरातील राजकोट येथे अनावरण झालेला शिवछत्रपतींचा पुतळा नऊ महिन्यांच्या आत, २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. २०२५ मध्ये त्या जागी अधिक उंच पुतळा उभा राहिला. या दुर्घटनेतून केवळ बांधकामाच्या दर्जाचा धडा घेणे पुरेसे नाही. मुहूर्त आधी आणि विचार मागाहून, ही कार्यपद्धतीच सदोष आहे. त्याच पद्धतीने पेठेचे 'सुशोभीकरण' झाले, तर काय होईल हे सांगण्यास ज्योतिषी नको: रस्ता रुंद करण्यासाठी पडव्या तुटतील, शोभेचे दिवे लागतील, आणि भाड्याने बसलेला जुना दुकानदार दोन वर्षांत जागा सोडून जाईल.

तो का जाईल, हे अर्थशास्त्राने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. किल्ला शिवछत्रपतींनी बांधला, रस्ता सार्वजनिक पैशातून झाला, बंदर सर्वांचे, समुद्र सर्वांचा. या सर्वांमुळे पेठेतील जागेचे मोल वाढते. पण वाढलेले मोल मात्र एकट्या जमीनमालकाच्या खिशात जाते, मग त्याने एक चिराही बसविलेला नसो. यालाच अनर्जित मूल्यवाढ म्हणतात. तिचा काही अंश समाजाकडे परत वळविण्याची तरतूद ज्या आराखड्यात नाही, तो पेठ सजवतो, पण पेठकऱ्यांना हुसकावून लावतो. पणजीच्या फोंताइन्हास वस्तीत जुनी घरे टिकली हे चांगले झाले. परंतु दारात उभे राहून छायाचित्रे काढणाऱ्यांचा उपद्रव तेथील रहिवाशांना किती सोसावा लागतो, हे आपल्या शेजारचेच उदाहरण आहे.

याहून वेगळा मार्ग नाही असे नव्हे. इटलीतील बोलोन्या शहरात डाव्यांच्या नगरपालिकेने १९६० च्या दशकात विभागवार नागरिक मंडळे सुरू केली. पुढे १९७३ मध्ये शहराच्या जुन्या गाभ्यातील पडीक घरांची दुरुस्ती सार्वजनिक गृहनिर्माणाच्या निधीतून हाती घेतली. कमानींच्या त्या प्रसिद्ध पडव्या राखाव्यात आणि त्यांखाली राहणारे कामगार, कारागीरही तेथेच राखावेत, असा तो विचार होता. मालकवर्गाच्या विरोधामुळे सक्तीच्या संपादनाचा भाग सोडावा लागला, प्रयोगही मर्यादितच राहिला. तरीही जुन्या वस्तूबरोबर तेथील माणूसही वारसाच असतो, हे तत्त्व त्याने जगापुढे ठेवले.

आपल्याकडे या तत्त्वाला कायद्याचा आधार कितपत आहे? १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक स्थान दिले. परंतु प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाख व त्याहून अधिक वस्तीच्या शहरांपुरत्याच. खेड्याला ग्रामसभा आहे, महानगराला प्रभाग समिती आहे. साडेअठरा हजारांच्या मालवणला घटनेने यांपैकी काहीच दिलेले नाही. त्यात भर अशी की, राज्यातील बहुसंख्य नगरपालिकांप्रमाणे मालवणचा कारभारही काही वर्षे प्रशासकाच्या हाती राहिला आणि निवडणुका झाल्या त्या डिसेंबर २०२५ मध्ये. १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात, हे खरे. पण नकाशा कचेरीच्या भिंतीवर टांगून सर्व्हे नंबरांच्या भाषेत हरकती मागविणे म्हणजे लोकांचा सहभाग नव्हे. बाजारासाठी, वाहनतळासाठी ठेवलेली आरक्षणेही दहा वर्षांत संपादन न झाल्यास मालकाच्या नोटिशीने रद्द होऊ शकतात, हे कितीजणांना ठाऊक असते?

लोकांना नियोजन कळत नाही, हा आक्षेप जुनाच आहे. केरळने १९९६ मध्ये योजना-निधीचा ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांच्या स्वाधीन करून त्याला उत्तर दिले. आपल्या जिल्ह्यातही वेंगुर्ले नगरपालिकेने कचरा घरोघरी वेगळा करण्याची शिस्त लावून जुन्या कचरा डेपोचा कायापालट केला. नागरिकांनी मनावर घेतल्यावाचून ते साधले नसते. पेठेत पाणी कोठे तुंबते, टेम्पो कोणत्या वेळी उतरवावा, कोणते घर पुढच्या पावसात टिकणार नाही, हे पेठेत वावरणाऱ्याहून अधिक कोणास कळणार?

अधिक गंभीर आक्षेप निराळा आहे. पेठेतील सर्वांचे हित एक नसते. दुकानदाराला रस्त्यावरचा विक्रेता नको असतो, मालकाला भाडेकरू नको असतो, होडीवाल्याला गाड्या बंदरापर्यंत हव्या असतात, रहिवाशाला नको असतात. हा संघर्ष झाकून 'सर्वांचा विकास' म्हणणे ही फसवणूक होय. तो उघडपणे मांडून, दुर्बळाच्या बाजूने वजन टाकून सोडविणे हेच लोकनियोजन. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडलेले असावेत आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे ठरवून दिले आहे. मासळीविक्रेत्या भगिनींना 'अतिक्रमण' म्हणून हटविण्यापूर्वी ही समिती कोठे आहे, हे विचारण्याचा त्यांना हक्क आहे.

कार्यकर्त्यांनी म्हणून पुढील कामे हाती घ्यावीत. पहिले, पेठेची घरोघर पाहणी: कोण राहतो, कोण भाड्याने आहे, कोणती माडी ओस पडली आहे, याचा नकाशा लोकांनी स्वतः तयार करावा. दुसरे, भरड नाक्यापासून बंदरापर्यंत आळीवार सभा घ्याव्यात. आसपासच्या गावांतून बाजाराला येणाऱ्यांना त्यांत बोलवावे, आणि या सभांपुढे ठेवल्यावाचून पेठेसंबंधी कोणताही आराखडा मंजूर करावयाचा नाही, असा ठराव नगरपालिकेकडून करवून घ्यावा. तिसरे, वाहनतळ, जागाभाडे व विकास शुल्क यांचा ठरावीक हिस्सा पेठनिधी म्हणून वेगळा ठेवावा. त्यातून जुन्या घरांच्या दुरुस्तीला साहाय्य द्यावे, मात्र भाडेकरूला न हटविण्याच्या लेखी अटीवर. चौथे, सुटीच्या दिवसांत बाहेरची वाहने पेठेबाहेर थांबवून पेठ पायी चालणाऱ्यांसाठी मोकळी करावी, आणि मासळीबाजारात पाणी, बर्फ, छप्पर व शौचालय यांना शोभेच्या दिव्यांआधी पैसा द्यावा.

यांतील कोणत्याही कामाला नवा कायदा लागत नाही. लागतो तो चिकाटीने घरोघर फिरणारा कार्यकर्ता, आणि लोकांसमोर कागद ठेवण्याचे धैर्य असलेला नगरसेवक. नारळी पौर्णिमेला मालवणचे व्यापारी आणि मच्छीमार एकाच बंदरावर जमून सागराला नारळ अर्पण करतात. वर्षातून एकदा जे एकत्र येतात त्यांना आपल्या शहराच्या आराखड्यासाठी एकत्र आणणे अशक्य नाही. मात्र ठेकेदार येऊन पोचण्यापूर्वी ते व्हावयास हवे.