हेतू शुद्ध होता. पण नुकसानीचे काय?

पावसाळा महिन्यावर आला की शहरांतील जुन्या-नव्या इमारतींना दुरुस्तीची आठवण होते. गच्चीचा कोबा फोडला जातो, डांबर ओतले जाते, गंजलेले नळ बदलले जातात, भिंतींना परांच्या लागतात. ही कामे आवश्यकच असतात, आणि ती करवून घेणारा घरमालक वा इमारतीचा व्यवस्थापक आपले कर्तव्यच बजावीत असतो. पण याच कामांच्या ओघात कधी वरच्या मजल्यावरील नळ रात्रभर उघडा राहतो आणि खालच्या खोलीतील पुस्तकांचे कपाट भिजून जाते. कधी सैल झालेला गिलावा पाडताना खिडकीशी ठेवलेल्या शिवणयंत्रावर ढेकूळ कोसळते. कधी विजेची जोडणी बदलताना भलतीच तार जोडली जाते आणि क्षणार्धात फ्रिज निकामी होतो. कोणाच्याही मनात वाईट नसते. नुकसान मात्र झालेले असते. आणि ते बहुधा अशा माणसाचे झालेले असते, की ज्याच्या महिन्याच्या हिशेबात त्यासाठी जागा नसते.

अशा प्रसंगी दोन प्रकारचे भाडेकरू दिसतात. पहिला ‘जाऊ द्या, मालकांनी काही मुद्दाम केले नाही’ असे म्हणून भिजलेली पुस्तके उन्हात वाळत घालतो. दुसरा जिन्यातच आवाज चढवितो, भाडे देणार नाही असे बजावतो आणि पोलीस चौकीची वाट धरतो. पहिल्याला चाळीत समंजस म्हणतात, दुसऱ्याला भांडकुदळ. वस्तुतः दोघांची समजूत एकच आहे. हेतू वाईट असेल तरच भरपाई मागता येते, असे दोघेही गृहीत धरतात. म्हणून मालकाचा हेतू चांगला होता एवढ्यावर पहिला गप्प बसतो. आणि दुसऱ्याला भरपाई हवी असते म्हणून मालकाचा हेतू वाईट होता असे ठरविणे त्याला भाग पडते. मालकही त्याच समजुतीचा बळी असतो. नुकसान मान्य करणे म्हणजे आरोप मान्य करणे, असे त्याला वाटते आणि ‘आम्ही काय जाणूनबुजून केले?’ हा प्रश्न तो उत्तर म्हणून पुढे करतो. भरपाईचा साधा व्यवहार अशा रीतीने मानापमानाच्या प्रश्नात हरवून जातो.

दोष वेगळा, दायित्व वेगळे

कायद्याने मात्र ही गल्लत केलेली नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेची नासधूस करणे हा गुन्हा ठरण्यासाठी तसा उद्देश असावा लागतो, किंवा आपल्या कृत्याने नुकसान होण्याचा संभव आहे याची जाणीव असावी लागते. भारतीय दंडसंहितेतील ही व्याख्या १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मध्येही कायम आहे. तेव्हा निव्वळ अनवधानाने फुटलेल्या नळासाठी पोलीस चौकीत जाऊन फारसे काही साधत नाही, हे उघड आहे. पण गुन्हा नाही म्हणजे दायित्व नाही, असे नव्हे. दिवाणी कायद्याची कसोटी निराळी आहे. एखाद्या शहाण्या माणसाने त्या परिस्थितीत जेवढी खबरदारी घेतली असती तेवढी घेतली गेली होती काय, एवढेच तेथे पाहिले जाते. घेतली गेली नसेल, तर हेतू कितीही शुद्ध असला तरी झालेल्या नुकसानीची भरपाई करावी लागते.

या कसोटीची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. कोणतीही पूर्वसूचना न देता, सर्व काळजी घेऊनही एखादा नळ फुटला, तर प्रत्येक वेळी मालकाला जबाबदार धरता येणार नाही. परंतु त्याच नळाच्या गळतीची तक्रार दोन महिन्यांपूर्वी केली गेली असेल आणि तिची दखल घेतली गेली नसेल, तर चित्र सर्वस्वी पालटते. म्हणूनच आधी दिलेल्या लेखी तक्रारीला महत्त्व आहे. तोंडी सांगितलेली गळती कोणालाच आठवत नाही. कागदावरची गळती विसरता येत नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ३१ मार्च २००० पासून लागू असलेल्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १४ अन्वये, उलट करार नसेल तर, जागा राहण्यायोग्य सुस्थितीत ठेवण्याचे बंधन घरमालकावर आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूला ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो; मात्र एका वर्षात ही रक्कम वार्षिक भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. कलम २८ नुसार मालकाला जागेची पाहणी करण्याचा हक्क आहे, परंतु तो वाजवी वेळी आणि पूर्वसूचना देऊनच बजावता येतो. या दोन तरतुदी एकत्र वाचल्या म्हणजे मालकाने जागेची निगा राखावी, आणि ती राखताना आत राहणाऱ्या माणसाला सावध करावे, हे कायद्याचे सूत्र स्पष्ट होते. ‘उद्या सकाळी वरचा नळ बदलणार आहोत, भिंतीकडेचे सामान हलवा’ एवढी एक चिठ्ठी दारात सरकविली असती तर किती कपाटे वाचली असती!

आज शहरांत येणारे शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी बहुतांशी अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर राहतात. ते कायद्याच्या भाषेत भाडेकरू नव्हेत, परवानाधारक आहेत. त्यामुळे कलम १४ चा आधार त्यांना धरता येत नाही. तथापि ते अगदीच उघड्यावर आहेत असे नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाचे कलम ५७ असे सांगते, की परवानाधारकाला ठाऊक नसलेला पण मालकाला ठाऊक असलेला धोकादायक दोष मालकाने उघड केला पाहिजे. जागा परवानाधारकाच्या जिवाला वा मालमत्तेला धोकादायक होईल असे कोणतेही कृत्य मालकाने करू नये, असे कलम ५८ बजावते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची ही वाक्ये आजच्या वन-रूम-किचनलाही लागू पडतात. फक्त ती करारनाम्याच्या छापील नमुन्यात कोठे दिसत नाहीत.

इमारत सहकारी गृहनिर्माण सोसायटीची असेल तर तिसरा पक्ष उभा राहतो. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत गच्चीतून होणारी पावसाची गळती, सामायिक नळ व सांडपाण्याची नळी यांची दुरुस्ती सोसायटीकडे, आणि घरातील मोरी-संडासाची अंतर्गत गळती सभासदाकडे, अशी विभागणी आहे. परंतु तेथे राहणारा परवानाधारक सोसायटीचा सभासद नसतो. सेक्रेटरी त्याला मालकाकडे धाडतो, मालक सोसायटीकडे, आणि दोघेही शेवटी प्लंबरकडे बोट दाखवितात. अशा वेळी एकच पत्र तिघांनाही पाठविणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. कोणाचा वाटा किती, हे त्यांनी आपसांत ठरवावे.

एकाच हातातील अनामत

येथे या प्रश्नाचे खरे मर्म लक्षात घेतले पाहिजे. परवानाधारकाच्या हातून खिडकीची काच फुटली तर मालकाला कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. अनामत रक्कम त्याच्या हाती असते. त्यातून तो काचेची किंमत कापून घेतो. मालकाच्या हातून परवानाधारकाचा संगणक भिजला तर मात्र परवानाधारकाच्या हाती काहीच नसते. उलट आपलीच अनामत तिकडे अडकलेली आहे आणि अकरा महिने संपताच करार नूतन करून घ्यायचा आहे, ही जाणीव त्याचे तोंड बंद ठेवते. अपघात दोन्ही बाजूंनी होऊ शकतो. सुरक्षेची ठेव मात्र एकाच बाजूची आहे. समंजसपणाच्या नावाखाली जे मौन पाळले जाते त्यामागे अनेकदा हे भय असते. या मौनाला सौजन्य म्हणणे म्हणजे स्वतःची फसवणूक करून घेणे होय.

मालकांचीही एक बाजू आहे आणि ती खोटी नाही. मुंबईतील जुन्या चाळींची प्रमाणभूत भाडी दीर्घकाळ १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलेली होती. १९९९ च्या अधिनियमाने त्यांत वर्षाला चार टक्के वाढ करण्यास मुभा दिली, एवढेच. महिन्याला दीडशे रुपये भाडे धरले तर वर्षाचे अठराशे, आणि त्याचा चौथा हिस्सा साडेचारशे. तेवढ्यात गवंड्याची एका दिवसाची मजुरीदेखील सुटत नाही. एकच खोली भाड्याने देऊन निवृत्तीचे दिवस कंठणारे मालकही आहेत. पण या अडचणीमुळे दुरुस्ती लांबली तर ते समजण्याजोगे असले, तरी निष्काळजीपणे केलेल्या दुरुस्तीत दुसऱ्याची वस्तू मोडली तर तिचे समर्थन त्यामुळे होत नाही. भाडे अल्प असते म्हणून भाडेकरूची पुस्तके स्वस्त होत नाहीत.

हिशेबाची रीत

मग भाडेकरूने करावे काय? प्रथम नुकसान वाढू देऊ नये. ओल्या भिंतीला पंधरा दिवस गादी टेकवून ठेवायची आणि मग नव्या गादीची किंमत मागायची, हे चालणार नाही. टाळता येण्याजोगी हानी टाळण्याचा वाजवी प्रयत्न केला होता काय, याचा विचार करण्याचे तत्त्व १८७२ च्या करार अधिनियमाच्या कलम ७३ मध्येच आहे. त्यानंतर साफसफाईपूर्वी छायाचित्रे घ्यावीत, दोन शेजाऱ्यांच्या देखत वस्तूंची यादी करावी, मोडलेली वस्तू लगेच भंगारात देऊ नये आणि दुरुस्ती करणाऱ्याकडून लेखी अंदाज घ्यावा. मग एक पत्र लिहावे. त्यात तारीख, घटना, यादी आणि रक्कम असावी, विशेषणे नसावीत. ‘आपल्या बेपर्वाईमुळे’ यापेक्षा ‘आपण करवून घेतलेल्या कामाच्या वेळी’ हे शब्द अधिक परिणामकारक ठरतात, कारण त्यांना उत्तर देताना मालकाला आपली अब्रू सांभाळीत बसावे लागत नाही.

मागणीही न्याय्य हवी. दहा वर्षे टिकणारे कपाट बारा हजारांना घेतले असेल आणि चार वर्षे वापरले असेल, तर मागायचे ते सात हजार दोनशे. दुकानातील नव्या कपाटाची किंमत नव्हे. दुरुस्ती होण्याजोगी असेल तर दुरुस्तीचाच खर्च मागावा. असा हिशेब समोर ठेवणाऱ्या माणसाला नकार देणे कठीण जाते.

रागाच्या भरात भाडे अडवून धरणे मात्र कटाक्षाने टाळले पाहिजे. कलम १४ मधील वजावट जागेच्या दुरुस्तीसाठी आहे, भिजलेल्या सामानासाठी नाही. आणि थकलेले भाडे हे जागा खाली करून घेण्याचे कारण ठरू शकते. पाच हजारांच्या भरपाईसाठी डोक्यावरचे छप्पर पणाला लावणे हा शहाणपणा नव्हे. समजुतीने मिटले नाही तर तालुका वा जिल्हा विधी सेवा यंत्रणेमार्फत लोकअदालतीत जाता येते. तेथे न्यायालयीन शुल्क लागत नाही, आणि तडजोडीने झालेल्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते. जंगम वस्तूंच्या हानीच्या भरपाईसाठी दावा लावण्याची मुदत सामान्यतः तीन वर्षे आहे. पण तीन वर्षांनी साक्ष द्यायला शेजारी त्याच घरात असतीलच असे नाही. म्हणून पत्र त्याच आठवड्यात जावे.

विम्याचाही विचार व्हायला हवा. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देणे बंधनकारक केले. तीत केवळ घरातील सामानाचाही विमा उतरविता येतो, आणि टाकी वा नळ फुटून झालेले नुकसान तीत धरलेले आहे. घर आपले नसले तरी सामान आपलेच असते, हे भाड्याने राहणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

तथापि या सर्वांहून सोपा उपाय करारनाम्यावर सही करतानाच योजता येतो. ‘परवानाधारकाच्या हातून नुकसान झाल्यास ते अनामतीतून वळते करण्यात येईल’ हे कलम छापील नमुन्यात हमखास असते. त्याच्याच खाली आणखी दोन ओळी घालाव्यात: मालकाने वा त्याच्या माणसांनी केलेल्या कामात परवानाधारकाच्या सामानाचे नुकसान झाल्यास त्याची वाजवी किंमत मालक तीस दिवसांत देईल, आणि कोणत्याही कामापूर्वी दोन दिवसांची सूचना दिली जाईल. सज्जन मालकाला या ओळींनी काहीच गमवावे लागत नाही, कारण तो आजही तसेच वागतो. जो त्या घालण्यास तयार होत नाही, त्याच्याविषयी भाडेकरूला पुष्कळ काही अनामत देण्यापूर्वीच कळून चुकते.