इंजिन थडथडते? कार्बोरेटरला शेवटी हात लावा

काशीच्या पंचगंगा घाटावर उभे राहिले की डोळ्यांना एकच नदी दिसते, ती गंगा. श्रद्धा मात्र अशी की येथे गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या पाच नद्यांचा संगम आहे. बाकीच्या चार गुप्त! आपल्या कोल्हापूरच्या पंचगंगेतही कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या जोडीला सरस्वती गुप्तच मानतात.

जुन्या पेट्रोल गाडीच्या इंजिनाचे काहीसे असेच आहे. हवा, पेट्रोल, ठिणगी, दाब आणि अचूक वेळ या पाच गोष्टी जुळल्या तरच ते सुरळीत चालते. पण बॉनेट उघडल्यावर नजरेत भरतो तो कार्बोरेटर. मग इंजिन थडथडू लागले की सारे खापर त्याच्याच माथी फुटते. भाजी किंवा दुधाचे कॅन वाहणारी जुनी पिकअप एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाची कमाई बुडते. घाईने कार्बोरेटर खोलला जातो, नवे किट बसते, पैसे जातात आणि थडथड तशीच राहते. म्हणून आधी बाकीच्या गोष्टी तपासा.

कार्बोरेटरचे काम तसे साधे आहे. नदीचे पात्र अरुंद झाले की धार वेगाने वाहते. कार्बोरेटरचा गळाही असाच अरुंद असतो. तेथे हवेचा वेग वाढतो, दाब घटतो आणि जेटमधून पेट्रोल ओढले जाते. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हे प्रमाण बिघडले की इंजिन कुरकुरते.

हवा : गाडी स्लोवर थडथडते, पण रेस दिल्यावर सुधारते का? मग कुठून तरी चोरटी हवा शिरत असण्याची शक्यता आहे. रबरी नळ्यांना चिरा आहेत का पाहा. कार्बोरेटरच्या खालच्या गॅस्केटवर थोडे साबणाचे पाणी लावा. इंजिनाचा आवाज बदलला तर गळती तेथेच आहे. एअर फिल्टर तुंबला असेल तर उलटे होते. हवा कमी पडते आणि धूर काळा येतो.

ठिणगी : पेट्रोल कुठेही गळत नाही याची खात्री करूनच ही तपासणी करा. इंजिन स्लोवर ठेवून, रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची टोपी क्षणभर काढा. टोपी काढूनही इंजिनाच्या चालीत फरक पडला नाही, तर ‘मिसिंग’ त्याच सिलिंडरचे आहे. हात लावू नका, झटका हजारो व्होल्टचा असतो. प्लगचे टोक कॉफीच्या रंगाचे असेल तर ठीक. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त, पांढरेफटक असेल तर कमी. तेलकट असेल तर रिंगा झिजल्याचा संशय घ्या.

वेळ : सीबी पॉइंट जळले किंवा त्यांतली फट बदलली की ठिणगी अवेळी पडते. फट गाडीच्या पुस्तकातल्या मापानेच ठेवा. काम मेकॅनिकचे असले तरी त्याला ते आठवणीने सांगा.

पेट्रोल : टाकीतला गंज आणि पाणी फिल्टरमध्ये जमते, म्हणून फिल्टर आधी बदला. आता एक नवी अडचणही आहे. २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले. इथेनॉल पाणी शोषते आणि जुन्या रबरी नळ्या व पडदे खराब करू शकते. त्यामुळे गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर टाकीत जुने पेट्रोल साठवून ठेवू नका. नळ्या बदलताना इथेनॉल सोसणाऱ्याच मागा.

दाब : वरचे सारे ठीक असेल तर कॉम्प्रेशन आणि टॅपेट तपासून घ्या. वाल्व्ह किंवा रिंगा झिजल्या असतील तर कार्बोरेटर कितीही साफ केला तरी उपयोग नाही.

हे सगळे झाले की मगच कार्बोरेटर. जेट तारेने टोकरू नका, भोक मोठे होते. हवेच्या झोताने साफ करा. मिक्श्चरचा स्क्रू हलक्या हाताने बसेपर्यंत आत फिरवा, मग साधारण दीड फेरा बाहेर घ्या. इंजिन गरम झाल्यावर, चाल सर्वांत एकसारखी वाटेल तेथे तो थांबवा.

एक गोष्ट मात्र विसरू नका. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. पेट्रोलची नळी सोडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि जवळ कुणी विडी-सिगारेट ओढत नाही ना, हे पाहा. गाडी एक दिवस उशिरा सुरू झाली तरी चालेल.