कांद्याचें मूळ आणि आईचा दोष

कांदेनवमी झाली कीं आपल्यापैकीं कित्येक घरांत कांद्यास चार महिने रजा मिळते. परंतु कांद्याचा एक उपयोग असा आहे कीं, त्याच्या आड कोणतेंच व्रत येत नाहीं. पाण्याच्या पेल्यावर बूड टेकेल असा कांदा ठेवला म्हणजे दोन-तीन दिवसांत त्यास पांढरीं मुळें फुटतात. या मुळांच्या टोंकाशीं पेशी सारख्या विभागत असतात, आणि विभागतांना त्यांतील रंगसूत्रें, म्हणजेच गुणसूत्रें, सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां येतात.

मात्र त्यासाठीं तयारी फार. टोंक कापून तीन भाग मद्यार्क व एक भाग तीव्र असेटिक आम्ल यांत दिवसभर ठेवावें, म्हणजे पेशी आहेत त्याच स्थितींत थिजतात. मग ६० अंश सेल्सिअस उष्णतेच्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लांत सुमारें दहा मिनिटें ठेवून तें मऊ करावें. नंतर शेवटचा एक-दोन मिलिमीटर तुकडा काचपट्टीवर असेटोकार्माईन रंगाच्या थेंबांत ठेवून, वर पातळ कांच व टीपकागद घालून अंगठ्यानें सरळ दाबावा. अंगठा सरकला कीं श्रम फुकट! साधलें तर तांबडीं १६ सूत्रें मोजतां येतात. आम्लांचें काम असल्यानें मुलांनीं हें शाळेच्या प्रयोगशाळेंतच करावें.

सूत्रांची गर्दी मोडण्यास टोंक आधीं कोल्चिसीन या विषारी द्रव्यांत ठेवतात. आपल्या कळलावींतही तें असतें. १९३८ सालीं लेव्हान यांनीं कांद्याच्या मुळांवर त्याचा परिणाम अभ्यासिला होता. पुढें १९५६ सालीं स्वीडनमधील लुंड येथें चिओ व लेव्हान यांनीं तेंच द्रव्य मानवी पेशींवर योजिलें. १९२३ पासून ४८ मानलेलीं माणसाचीं रंगसूत्रें ४६च निघालीं!

गणती शुद्ध होतांच १९५९ सालीं पॅरिस येथें लज्यून, गोतिए व त्युर्पां यांनीं दाखविलें कीं, डाऊन लक्षणसमूह असलेल्या मुलांत एक सूत्र अधिक, म्हणजे ४७ असतात. हें अधिक सूत्र बहुधा स्त्रीबीज तयार होतांना, क्वचित् पुरुषबीज तयार होतांना, विभागणींतील चुकीनें येतें. आईचें वय वाढतें तसा संभव वाढतो, हें खरें. पण ग्रहणांत विळी धरल्यानें किंवा डोहाळे न पुरविल्यानें तें येत नाहीं.

ज्या घरीं असें मूल आहे, तेथील वडीलधाऱ्यांस आमची एवढीच विनंती आहे: सुनेस बोल लावूं नका. तें मूल आपलें आहे. त्यास शिकवा, आणि त्याच्या आईस आधार द्या.